अंतराळकथा आणि श्रोत्याचा वाटा

कथेचा इतिहास लिहिताना आपण बहुधा कथा सांगणाराचा इतिहास लिहितो. लेखक कोण, त्याने काय वाचले होते, कोणत्या वर्षी कोणते पुस्तक निघाले, याची चर्चा होते. ऐकणाराचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही, कारण ऐकणारा मागे काही ठेवून जात नाही. प्रस्तुत निबंधात एका मर्यादित क्षेत्रापुरता तो लिहिण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. हे क्षेत्र म्हणजे अंतराळप्रवासाची कथा आणि त्या कथेचे आजचे एक रूप, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचा कथाप्रधान व्हिडिओ गेम. अशा पृष्ठांतून या विषयाला जागा द्यावी काय, ही शंका मलाही आली होती. ती ज्या प्रसंगाने दूर झाली तो रायपुरात घडला, आणि तो रायपुरात घडला हे केवळ योगायोगाचे नाही असे मला वाटते. त्या प्रसंगाकडे यथाक्रम येऊ.

आपल्या परंपरेत श्रोता हा कधीच मुका नव्हता. दासबोधाचा आरंभच मुळी श्रोत्यांच्या प्रश्नाने होतो. आणि पुढेही श्रोत्यांची आशंका आली की निरूपणाला नवे वळण मिळते. वेताळ पंचविशीत तर श्रोत्यावरच सारा भार आहे. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालतो, वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तकाची शकले होणार, आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. राजा बोलतो आणि पुन्हा त्या झाडापाशी जातो. बाह्यतः प्रत्येक फेरीत तो होता तेथेच असतो; फक्त एक गोष्ट अधिक जाणून असतो. फेरा मोडतो तो अखेरच्या, ज्याचे उत्तर त्याला देता येत नाही अशा प्रश्नापाशी. श्रोत्याने काही केल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही, ही कल्पना आपल्याला किती जुनी आहे हे यावरून ध्यानात यावे.

छत्तीसगडात तर ही कल्पना अजूनही रंगमंचावर उभी असलेली दिसते. पंडवानीत महाभारताची कथा एकच गायक किंवा गायिका सांगते. हातातील तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. वेदमती पद्धतीत बसून आणि कापालिक पद्धतीत उभे राहून, अभिनयासह, कथा सांगतात. झाडूराम देवांगन हे पहिलीचे आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण लाभलेल्या तीजनबाई या दुसरीच्या थोर प्रतिनिधी. पण पंडवानीत आणखी एक पात्र असते, ज्याच्याकडे समीक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. ते म्हणजे रागी. तो गायकाच्या बाजूला बसून ओळ उचलतो, हुंकार भरतो, मध्येच विचारतो, 'मग काय झाले?' रागी हा श्रोत्यांचा रंगमंचावरील प्रतिनिधीच होय. त्याचा हुंकार थांबला तर कथा थांबेल, असे मानून सारा खेळ चालतो.

मराठीत अंतराळकथा आली ती मात्र छापील पानावरून आली, आणि छापील पानाचा वाचक हुंकार देत नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोचीहून निघणाऱ्या 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासकथेचे मराठी रूप क्रमशः येऊ लागले. मूळ फ्रेंच कथा १८६५ची. मराठीचे पहिले अंतराळयान असे महाराष्ट्राबाहेरील एका बंदरातून निघावे, ही गोष्ट रायपूरसारख्या ठिकाणी बसून लिहिणाराला सुखविणारी आहे. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसविले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि नारायण विनायक जगताप हे तिचे लेखक म्हणजे प्रत्यक्षात आपली आद्याक्षरे उलटी करून लिहिणारे जयंत विष्णु नारळीकर आहेत, हे नंतर उघड झाले. परीक्षकांवर आपल्या नावाचा भार पडू नये, हा त्यामागचा हेतू होता. तेथून मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठेचे दिवस आले. या साऱ्या वाटचालीत कथेतील विज्ञान बदलले, भाषा बदलली, लेखकाचा अधिकार बदलला. वाचकाचे स्थान तेवढे तेच राहिले. तो यानात बसत होता, परंतु सुकाणू त्याच्या हाती नव्हते.

ज्या काळात आपल्याकडे हे चालले होते त्याच काळात अमेरिकेत वेगळ्याच टोकाने आरंभ होत होता. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. दोन याने, मध्ये एक तारा, त्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण आणि परस्परांवर मारा, एवढेच त्याचे स्वरूप. येथे सुकाणू होते, पण कथा नव्हती. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पीटर सॅमसन या सहकाऱ्याला पाठीमागचे वाटेल तसे विखुरलेले ठिपके पटेनात. त्याने खऱ्या आकाशातील ताऱ्यांची स्थाने घेऊन खेळाच्या मागे खरे तारांगण उभे केले. खेळणाराला लढाईत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. निरुपयोगी असूनही खरे असावे, असे जेथे वाटू लागते तेथे खेळाच्या पोटी कथेचे बीज पडते, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढचे पाऊल १९८४चे. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजमधील दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' हा खेळ केला. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो संगणकात त्यांनी प्रत्येकी २५६ ग्रहमालांच्या ८ दीर्घिका बसविल्या. त्या साठविलेल्या नव्हत्या. एका गणिती नियमातून त्या हव्या तेव्हा उत्पन्न होत. विस्तार अफाट, पण त्यात कथा नव्हती, आणि कर्त्यांना ही उणीव जाणवली असावी. कारण खेळाच्या पेटीत रॉबर्ट होल्डस्टॉक या कादंबरीकाराकडून लिहून घेतलेली एक छोटी कादंबरी घातलेली असे. खेळ पडद्यावर आणि कथा कागदावर, अशी ही फारकत होती. दोघांची गाठ कशी घालावयाची, हा यापुढचा प्रश्न होता.

तो प्रश्न ज्या थोड्या कृतींनी गंभीरपणे हाताळला त्यांत १९८६चा 'स्टारफ्लाइट' मला महत्त्वाचा वाटतो. खेळणारा आपले पथक निवडतो, परक्या ग्रहांवर उतरतो, खनिजे गोळा करतो, भेटणाऱ्या जमातींशी संभाषण करतो. यान चालते ते एंडुरियम नावाच्या स्फटिकांवर. तासन् तास खेळणारा हे स्फटिक शोधतो, विकत घेतो, जाळतो. आणि बऱ्याच उशिरा त्याला कळते की हे स्फटिक सजीव आहेत, विचार करणारे आहेत, आणि आकाशात एकामागून एक ताऱ्यांचे जे भडके उडत आहेत त्यांचे मूळ त्यांच्या आत्मरक्षणाच्या धडपडीत आहे. तरीही पुढे जावयाचे तर तेच इंधन जाळावे लागते. हीच घटना कादंबरीत असती तर वाचकाने नायकाला दोष दिला असता आणि पान उलटले असते. येथे दोष देण्यास दुसरा कोणी नाही. जाळले ते खेळणाराच्याच हाताने जाळले. श्रोत्याचा हुंकार येथे प्रथमच कृती झाला आहे, आणि कृतीबरोबर येणारे दायित्वही त्याच्याकडे आले आहे. अंतराळकथेच्या इतिहासातील ही खरी क्रांती होय. यंत्राची शक्ती वाढली ही गोष्ट तिच्यापुढे गौण आहे.

हे दायित्व किती ताणता येते याची परीक्षा 'मास इफेक्ट' या मालेने पाहिली. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने तिचे तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ मध्ये काढले. खेळणाराने पहिल्या भागात घेतलेले निर्णय पुढील भागांतही पाठीशी येतात. पहिल्याच भागात असा एक प्रसंग आहे की दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचविता येते. दुसरा मरतो आणि पुढील दोन्ही भागांत मेलेलाच राहतो. धर्मसंकट वाचणे निराळे आणि त्यात बोट उचलणे निराळे, हे या प्रसंगाने अनेकांना शिकविले असेल. परंतु २०१२ मध्ये तिसरा भाग संपला तेव्हा खेळणारांत मोठा असंतोष उसळला. तीन भागांत घेतलेल्या शेकडो निर्णयांचे फळ अखेरीस मोजक्या शेवटांत आटून गेले, ही त्यांची तक्रार. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कर्त्यांना शेवटाचा विस्तार करून तो विनामूल्य द्यावा लागला.

येथे समीक्षकाचा रास्त आक्षेप पुढे येतो. तो म्हणेल, श्रोत्याला दिलेले हे स्वातंत्र्य म्हणजे आभासच नव्हे काय? फाटे कितीही असोत, प्रत्येक फाटा कोणीतरी आधी लिहून ठेवलेला आहे. खेळणारा फक्त लेखकाने आखलेल्या वाटांपैकी एक पत्करतो. हा आक्षेप मला मान्य आहे. २०१२चा असंतोष म्हणजे हा आभास उघडा पडल्याचा क्षण होता. श्रोत्याचा वाटा म्हणजे कथा बदलण्याचा अधिकार, असे समीकरण एकदा मांडले की निराशा अटळ आहे. कारण कथा बदलण्याचे संपूर्ण सामर्थ्य श्रोत्याला दिले तर कथाच उरणार नाही. पंडवानीचा रागी कितीही हुंकार भरो, कर्ण मरावयाचा तो मरतोच. मग रागी तेथे कशासाठी असतो?

याचे उत्तर मला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आउटर वाइल्ड्स' या खेळात सापडले. अॅलेक्स बीचम यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने त्याचा आरंभ केला. पुढे मोबियस डिजिटल या संस्थेने तो पूर्ण केला, आणि २०२०च्या बाफ्टा पुरस्कारांत तो वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. यातील सूर्यमाला लहानशी आहे आणि नायक म्हणजे एका अरण्यग्रहावरील, लाकडी यानातून प्रथमच उड्डाण करणारा नवशिका अंतराळवीर. २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सारे नष्ट होते आणि नायक पुन्हा पहिल्या शेकोटीपाशी जागा होतो. शस्त्र मिळत नाही, शक्ती वाढत नाही, धन साठत नाही. नायकाची स्मृती आणि यानातील नोंदवही एवढेच एका फेऱ्यातून दुसऱ्यात जाते. शेवटापर्यंत पोचण्यास लागणारे सारे काही पहिल्या मिनिटापासून उपलब्ध असते. नसते ते फक्त ज्ञान. विक्रम राजाच्या फेऱ्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

या सूर्यमालेत पूर्वी नोमाई नावाची एक जमात राहून गेली. तिचे अवशेष आणि भिंतींवर सर्पिल रेषांत लिहिलेली तिची संभाषणे मागे उरली आहेत. एक ग्रह पोकळ असून त्याच्या पोटात कृष्णविवर आहे, आणि त्याचे कवच तुकड्यातुकड्याने त्यात कोसळत असते. जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू घटिकायंत्राप्रमाणे दुसऱ्यावर ओतली जाते, आणि त्यामुळे काही गुहा ठराविक मिनिटांतच पाहता येतात. खेळणारा एक लेख वाचतो, त्यातून दुसऱ्या ठिकाणाचा सुगावा लागतो, तेथे गेल्यावर पहिल्या लेखाचा अर्थ पालटतो. नोमाई कधीच्याच मेलेल्या आहेत. त्यांच्या कथेतील एक अक्षरही खेळणाराला बदलता येत नाही. त्याला ती समजून घ्यावयाची आहे, एवढेच. हे काम कोणाचे? वीराचे नव्हे, राजाचेही नव्हे; ते शिलालेख वाचणाराचे, ताम्रपट जुळविणाराचे, म्हणजे इतिहाससंशोधकाचे काम आहे. श्रोत्याचा खरा वाटा कथा बदलण्यात नसून ती जोडण्यात आहे, हा या खेळाचा सिद्धान्त होय. रागी तेथे कशासाठी असतो, याचेही उत्तर हेच.

आता रायपुरातील प्रसंग. तात्यापारा भागातील एका मराठी घरात माझा भाचा हा खेळ खेळत असे. शेजारी त्याची आजी, म्हणजे माझी आई, भाजी निवडत बसलेली. पडद्यावरची भाषा इंग्रजी. आजीला ती येत नाही. म्हणून भाचा वाचलेले तिला सांगत जाई, ते रायपूरच्या मराठीत, म्हणजे हिंदीची वळणे सहज मिसळलेल्या त्या भाषेत, जिला पुण्याचे पाहुणे हसतात. नोमाईंची लिपी खेळातील अनुवादयंत्र इंग्रजीत आणी. ते इंग्रजी नातू मराठीत आणी. आणि आजी हुंकार भरी. काही दिवस हे चालले. मग एका संध्याकाळी तिने विचारले, "अरे, एवढे लिहून ठेवणारी शहाणी माणसे ती. मग सगळी एकदम मेली कशाने?" नातू थांबला. तोपर्यंत तो सूर्याच्या स्फोटाचे कारण शोधण्याच्या नादात होता. हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता. "आजी, ते कुठे लिहिलेले नाही," तो म्हणाला. "लिहायला कोणी उरले नसेल तर कसे लिहिणार? दुसरीकडे बघ," आजी म्हणाली. पुढचे अनेक फेरे त्याने त्याच एका प्रश्नामागे घालविले. उत्तर एका गोठलेल्या धूमकेतूच्या पोटात होते, आणि ते सापडले तेव्हा तो प्रथम आजीला सांगावयास उठला.

आजीने सुकाणूला हात लावला नव्हता. तरी यान कोठे जावयाचे हे तिने ठरविले होते. मला त्या क्षणी पंडवानीचा रागी आठवला. छापील पानाने जो हुंकार शंभर वर्षे बंद केला होता तो एका परदेशी खेळाच्या निमित्ताने एका मराठी घरात पुन्हा ऐकू आला. आणि तो छत्तीसगडच्या मातीत ऐकू यावा, हे मला स्वाभाविक वाटले.

रायपूरचा आणखी एक वारसा येथे सांगितला पाहिजे. १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी दासबोध आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये त्यांचे निधन रायपुरातच झाले. शेजारच्या राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध १९५८पासून राहिले. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. या प्रदेशातील मराठी माणूस दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभा राहून एकीतले दुसरीत देत आला आहे. माझा भाचा नकळत तेच करीत होता. फरक इतकाच की सप्र्यांचे अनुवाद छापले गेले. नातवाने आजीला सांगितलेली नोमाईंची बखर कोणी उतरून घेतली नाही. भाजी निवडून झाली, दिवे लागले आणि ती विरून गेली.

ही हानी लहान नाही. 'आउटर वाइल्ड्स' किंवा 'मास इफेक्ट' यांत मराठी नाही. म्हणून मराठी साहित्याशी त्यांचा संबंध नाही, असे आपण सहज म्हणून मोकळे होतो. पण व्हर्नच्या कथेतही मराठी नव्हते. ती मराठी झाली, कारण कोणाला तरी ती आपल्या माणसांना सांगाविशी वाटली, आणि ती उतरवून घेण्यास एक मासिक उपलब्ध होते. आज सांगणारे आहेत, ऐकणारेही आहेत. फक्त टिपणारे नाहीत. पुण्यात खेळ रचणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. नॉडिंग हेड्स या संस्थेचा 'राजी' २०२० मध्ये आला, सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' हा परग्रहावर चालणारा युद्धखेळ काढला. कौशल्याची वाण नाही हे यावरून स्पष्ट होते. परंतु ज्यात श्रोता संशोधक होतो अशी मराठी अंतराळकथा अद्याप कोणी रचलेली माझ्या पाहण्यात नाही. आणि ती रचावयाची तर आपला श्रोता कसा प्रश्न विचारतो, कोठे अडतो, कोणत्या शब्दात हुंकार देतो, हे आधी माहीत असले पाहिजे. ते यंत्रज्ञ सांगू शकणार नाही. ते काम समीक्षकाचे आहे.

तेव्हा या विषयाला साहित्यसमीक्षेत जागा द्यावी काय, या आरंभीच्या शंकेचे माझे उत्तर असे आहे. खेळ साहित्य आहे की नाही हा वाद तूर्त बाजूला ठेवावा. ज्या कथेभोवती दोन पिढ्या एका खोलीत बसतात, एक सांगते आणि दुसरी विचारते, ती कथा समीक्षेच्या कक्षेत आपोआप येते. मग ती तंबोऱ्यावर सांगितलेली असो की पडद्यावर उमटलेली. नोमाईंनी भिंतीवर लिहून ठेवले म्हणून त्यांची कथा परक्याला जोडता आली. आपल्या घरांतून आज जे सांगितले आणि विचारले जात आहे ते कोठल्यातरी भिंतीवर उतरले पाहिजे.